डावीकडचा घड

मिठबावला आमच्या घरी कोंबडी साफ करायची ती काकीनेच, आणि तीही मागच्या पडवीत. पाहुणे यायचे असले की वडे-कोंबडीचा बेत ठरलेला. पिसं काढून, जाळावर भाजून पोट उघडलं की आतडी सोडवायच्या आधी काकी एक गोष्ट अलगद बाजूला काढायची. पिवळ्या गोळ्यांचा घड. सगळ्यांत मोठी गोळी अंड्यातल्या पूर्ण बलकाएवढी, तिच्या शेजारची बोराएवढी, मग करवंदाएवढी, मिऱ्याएवढी, आणि शेवटी मोहरीसारखे पांढुरके ठिपके, मोजता न येण्याइतके. तळहातावर धरून ती दाखवायची, "ह्यां उद्याचां, ह्यां परवाचां, ह्यां तेच्या फुडलां." रश्श्यात त्या गोळ्या सोडल्या की कुणाच्या ताटात किती पडल्या यावरून आम्हा मुलांची भांडणं व्हायची.

घड काढताना काकीचा हात न बघता कोंबडीच्या डाव्या कुशीत जायचा. उजवीकडे तसलं काही नसायचंच. कोंबडा कापला की मात्र पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना फणसाच्या आठळीसारख्या दोन पांढऱ्या गाठी निघत. कोंबड्याला दोन आणि कोंबडीला एकच का, असं मी विचारलं तेव्हा काकी म्हणाली, "देवान एकच दिल्यान गो." पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की सुरुवातीला तिच्याही वाट्याला दोन येतात. उजवीकडचं अंड्याच्या आतच मिटवलं जातं. इतकंच नव्हे, तर कोंबडा होणाऱ्या पिल्लात कोंबडीचा आणि कोंबडी होणाऱ्या पिल्लात कोंबड्याचा सरंजामही आधी उभा राहतो आणि मग मोडला जातो. एकवीस दिवसांत हे सगळं उरकतं. तेवढे दिवस कोंबडी खुडूक होऊन डालग्याखाली अंडी उबवत बसलेली असते आणि आपल्याला त्यातलं काही दिसत नाही.

अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव कोरा नसतो. बलक त्या घडातून, म्हणजे बीजांडकोशातून, सुटला की अंडवाहिनीच्या नरसाळ्यासारख्या तोंडाशी पाव तासाच्या आत त्याचं फलन होतं. मग दोन-सव्वादोन फूट लांबीच्या त्या नळीतून प्रवास सुरू. तीनेक तास पांढऱ्याचे थर चढतात, तासाभरात पातळ पापुद्रे बसतात आणि पुढचे जवळजवळ वीस तास कवच घडवण्यात जातात. एवढ्या वेळात बलकावरच्या पांढऱ्या टिकलीत चाळीस ते साठ हजार पेशी झालेल्या असतात. बाहेर पडल्यावर अंडं थंड होतं आणि वाढ थांबते. म्हणून तर काकी आठ-दहा दिवसांची अंडी कोंड्याच्या टोपलीत साठवून सगळी एकाच दिवशी कोंबडीखाली ठेवू शकायची, आणि पिल्लंही सगळी एका दिवसाच्या फरकाने बाहेर यायची.

त्या साठेक हजारांत जेमतेम तीस पेशी अशा असतात, ज्यांच्यापासून पुढच्या पिढीची बीजं व्हायची असतात. त्यांना आद्य जननपेशी म्हणतात. त्या जिथे असायला हव्यात असं आपल्याला वाटेल तिथे त्या नसतातच. पहिल्या दिवशी त्या भ्रूणाच्या शरीराबाहेर, डोकं जिथे तयार व्हायचं असतं त्याच्या पुढे, चंद्रकोरीसारख्या एका पट्ट्यात जमतात. चार्ल्स स्विफ्ट या अमेरिकी संशोधकाने १९१४ साली कोंबडीच्या भ्रूणांचे पातळ काप काढून त्यांचा माग घेतला. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागतं, रक्तवाहिन्यांची जाळी जोडली जाते आणि या पेशी रक्तात उतरतात. आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात अशा पेशी आतड्याच्या भिंतीतून सरपटत जातात. पक्ष्यांत त्या रक्ताच्या ओघाबरोबर अंगभर फिरतात आणि नेमक्या ठिकाणी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात. गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी काळोखातही आपल्या फाट्यावर बरोबर उतरतो. पण त्याने घर पाहिलेलं असतं. या पेशी निघतात तेव्हा त्यांचं घर बांधायलाही घेतलेलं नसतं. आणि घरी पोचणाऱ्यांतल्या जास्त पेशी डावीकडे उतरतात. उजव्या-डाव्याचा भेद इतक्या लवकर सुरू होतो.

घर म्हणजे जननग्रंथी. साडेतीन दिवसांच्या सुमारास पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, तात्पुरत्या मूत्रपिंडांच्या आतल्या कडेला, दोन बारीक वरंबे उठतात. कास्पार फ्रीडरिख वोल्फ या जर्मन तरुणाने १७५९ साली कोंबडीच्या भ्रूणात ही तात्पुरती मूत्रपिंडं पाहिली. ती आणि त्यांची नळी आजही त्याच्या नावाने ओळखली जातात. शरीर बीजात आधीच छोट्या रूपात तयार असतं आणि फक्त मोठं होतं, असं त्याच्या काळी बहुतेक विद्वान मानत. वोल्फने अंड्यामागून अंडी फोडून दाखवलं की आधी काहीच नसतं, अवयव एकामागून एक घडत जातात. अंड्यामागून अंडी फोडण्याच्या या चिकाटीने एक मोठं मत डळमळायला लागलं.

या वरंब्यांना बाहेर एक साल आणि आत एक गर असतो. साल वाढली तर बीजांडकोश, गर वाढला तर वृषण. सहाव्या दिवसापर्यंत दोन्ही जागच्या जागी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली कितीही निरखलं तरी हे पिल्लू कोंबडा होणार की तलंग, ते ग्रंथीच्या रूपावरून ओळखता येत नाही. पेशींच्या आत मात्र ते फलनाच्याही आधी ठरलेलं असतं.

पक्ष्यांत नराला झेड-झेड अशी दोन सारखी गुणसूत्रं असतात आणि मादीला झेड-डब्ल्यू. बीजांड सुटायच्या बेतात असताना त्यात झेड राहायचं की डब्ल्यू, ते ठरतं. म्हणजे पिल्लाचं लिंग आईच्या बीजांडावर अवलंबून असतं, कोंबड्याच्या शुक्राणूवर नाही. माणसांत उलट, तिथे ते बापाकडून येतं. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरं मी याच किनाऱ्यावर पाहिली आहेत. त्याच घरांच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या. ज्या जीवांत हे खरोखर आईवर असतं, त्यांना मात्र कुणी जाब विचारत नव्हतं.

काकीचा स्वतःचा एक आडाखा होता. टोकदार अंड्यातून कोंबडा, वाटोळ्यातून तलंग. अंड्याच्या आकारावरून नर-मादी सांगायचा नाद अॅरिस्टॉटललाही होता, त्यामुळे काकी एकटी नव्हे. पण अंड्याला आकार येतो तो पापुद्रे आणि कवच चढताना, आणि तोवर आतलं लिंग ठरून काही तास उलटलेले असतात. टोकाचा आणि आतल्या जिवाचा संबंध नाही. तरीही या आडाख्यामागची गरज मला पटते. वर्षाची राखण, म्हणजे राखणदाराचा मान, द्यायची तर कोंबडाच लागतो, तिथे तलंग चालत नाही; आणि अंडी हवीत तर तलंगा हव्यात. कुठलं पिल्लू काय होणार हे घराच्या हिशेबाला लवकर कळायला हवं असतं.

आता सहावा दिवस. झेड गुणसूत्रावर एक जनुक आहे, डीएमआरटी-१. नर पिल्लात झेड दोन, म्हणून या जनुकाच्या प्रती दोन, मादीत एकच. भेद एवढाच, मात्रेचा. दुप्पट मात्रा मिळाली की ग्रंथीचा गर जोर धरतो, त्यात दोऱ्यांसारख्या नळ्या बनतात, साल पातळ होत जाते आणि दोन्ही बाजूंना वृषण तयार होतात. मेलबर्नच्या क्रेग स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नर भ्रूणांत या जनुकाचा आवाज बारीक केला, तर त्यांच्या ग्रंथी मादीच्या वळणावर गेल्या. मसाला तोच, एक चमचा की दोन, यावर पदार्थ बदलावा असा हा प्रकार आहे.

एकाच मात्रेवर काय होतं? ग्रंथीत अॅरोमाटेज नावाचं विकर तयार होऊ लागतं आणि ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतं. सस्तन भ्रूणात आईच्या वारेतून येणाऱ्या इस्ट्रोजेनमध्ये पिल्लू बुडालेलंच असतं, त्यामुळे तिथे त्यावर नर-मादी ठरवणं सोयीचं नाही. अंड्यात पिल्लू एकटं असतं. त्याने स्वतः बनवलेला थेंबभर इस्ट्रोजेनही मोठं काम करतो. १९९२ साली दोन संशोधकांनी पाचव्या दिवशी अंड्यात अॅरोमाटेज अडवणारं औषध टोचलं. गुणसूत्रांनी मादी असलेली पिल्लं वृषणं घेऊन बाहेर आली, आणि मोठेपणी त्यांचा तुरा आणि वागणूक कोंबड्याची होती.

इस्ट्रोजेन दोन्ही ग्रंथींपर्यंत पोचतो, पण ऐकते ती डावीचीच साल. शरीराच्या डाव्या अंगाला ओळख देणारं पिटएक्स-२ नावाचं जनुक आहे. डाव्या ग्रंथीत ते चालू असतं, आणि तिच्या सालीत इस्ट्रोजेनची खूण ओळखणारे ग्राहक तयार होतात. साल जाड होते, आद्य जननपेशी तिच्यात वाढू लागतात. उजवीची साल बहिरी राहते, तिच्यात थोडा गर उरतो आणि बाकीचं विरत जातं. उडणाऱ्या अंगात एका वेळी दोन जड अंडी घेऊन फिरणं परवडणारं नाही, असं याचं कारण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे, पण किवी पक्ष्याच्या मादीत आणि बऱ्याच शिकारी पक्ष्यांच्या माद्यांत दोन्ही बीजांडकोश टिकतात. आपल्या कड्यांवर घिरट्या घालणारे शिकारी तर उडण्यात कुणाला हार जाणारे नाहीत. म्हणून मी ते कारण आखडत्या हातानेच घेते.

डावीकडच्या सालीतल्या जननपेशींची वाढ पाहिली की काकीच्या तळहातावरची ती मोहरी आठवते. नवव्या दिवशी सुमारे अठ्ठावीस हजार, सतराव्या दिवशी जवळजवळ ६ लाख ८० हजार, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत त्यातल्या कित्येक मरून ४ लाख ८० हजारांच्या आसपास. आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. बाकीच्या लाखो बीजांना बलक कधी लाभत नाही.

ग्रंथींपासून नळ्यांकडे आलं की तीच रीत पुन्हा दिसते. प्रत्येक भ्रूणात, नर असो की मादी, दोन्ही बाजूंना नळ्यांच्या दोन जोड्या घातल्या जातात. एक वोल्फची, जिच्यातून कोंबड्याची शुक्रवाहिनी होते. दुसरी योहानेस म्यूलरच्या नावाची, जिच्यातून अंडवाहिनी होते. नराच्या वृषणातून निघणारं एक संप्रेरक आठव्या दिवसापासून म्यूलर नळ्या विरघळवायला लागतं, आणि तेराव्या दिवसापर्यंत त्यांचा मागमूस राहत नाही. मादीतही हेच संप्रेरक थोडं स्रवतं. म्हणून तिची उजवी म्यूलर नळी विरते. डावी का वाचते? बीजांडकोशातल्या इस्ट्रोजेनने तिला कवच दिलेलं असतं म्हणून. कोंबडी साफ करताना अवस्कराजवळ, म्हणजे शेपटीखालच्या द्वाराजवळ, उजव्या बाजूला कधी कधी पाण्याने भरलेली एक बारीक पिशवी सापडते. काकी ती टाकून द्यायची. ती त्या विरलेल्या उजव्या अंडवाहिनीची उरलेली खूण.

बाहेरच्या अवयवाची गोष्ट आणखी वेगळी. कोंबड्याच्या भ्रूणात लिंगाचा उंचवटा बदकाच्या भ्रूणासारखाच उगवतो. बदकात तो वाढत जातो. कोंबड्यात नवव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या टोकाच्या पेशी मरायला लागतात आणि तो आत ओसरतो. बीएमपी-४ नावाचा संदेश त्या टोकाला मरणाची आज्ञा देतो, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. हा संदेश त्यांनी अडवला तर कोंबड्यातही उंचवटा वाढत राहिला. पक्ष्यांच्या सुमारे ९७ टक्के जातींत नराला असा अवयव नसतोच, दोघांनी अवस्कर टेकवले की काम होतं. एका दिवसाच्या पिल्लाचा अवस्कर उघडून तिथल्या मोहरीएवढ्या उंचवट्यावरून नर-मादी सांगायची विद्या जपानमध्ये १९२०च्या दशकात घडली. हाताला सवय झालेला माणूस तासाला शेकडो पिल्लं वेगळी करतो. अंड्यांसाठी पाळलेल्या जातीचे नर पिल्लू असतानाच मारले जातात, ते अशा निवडीनंतर. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली, आणि तेव्हापासून अंड्यातच लिंग ओळखायच्या यंत्रांना तिकडे मागणी आली.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या खुराड्यातली एक जुनी कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि काही महिन्यांत पहाटे आरवायला लागली. तुरा वाढला, शेपटीची पिसं वाकडी झाली. वाडीत कुजबुज सुरू झाली, घरावर काहीतरी येणार म्हणून. एका संध्याकाळी तिला कापून टाकली. आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर भीती गेली असती, असं मला आजही वाटतं. एडिनबरोत फ्रान्सिस क्रू यांनी १९२३ साली अशाच एका कोंबडीचं शवविच्छेदन प्रसिद्ध केलं. बफ ऑर्पिंग्टन जातीची ती कोंबडी आधी अंडी देत होती, नंतर आरवायला लागली आणि दोन पिल्लांचा बाप झाली. तिचा डावा बीजांडकोश क्षयाने खाऊन टाकला होता. डावीकडचा इस्ट्रोजेन थांबला की उजवीकडे निपचित पडलेल्या त्या ग्रंथीचा गर जागा होतो, आणि गर वाढला की वृषण. झुबकेदार शेपूट आणि चमकदार पिसं तर इस्ट्रोजेन नसला की आपोआप येतात. कोंबडीचा साधा वेश हाच संप्रेरकाने घडवलेला असतो. आमच्या त्या कोंबडीला बहुधा आजार झाला होता. अपशकुन म्हणून तिचा जीव गेला, हे मला अजून खुपतं.

एवढं असूनही सगळं काही संप्रेरकांच्या हातात नसतं. एडिनबरोजवळच्या रोझलिन संस्थेत मायकेल क्लिंटन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अर्धं अंग कोंबड्याचं आणि अर्धं कोंबडीचं असलेले तीन पक्षी तपासले. एका बाजूला मोठा कल्ला, मांसल छाती, पायाला आर. दुसरी बाजू बुटकी. रक्त एकच, संप्रेरकं दोन्ही बाजूंना सारखी. तरी एका बाजूच्या पेशी बहुतेक झेड-झेड होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या बहुतेक झेड-डब्ल्यू. पक्ष्यांच्या अंगातल्या पेशीला स्वतःचं लिंग स्वतःला ठाऊक असतं. सस्तन प्राण्यांवरून घातलेलं गणित इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

अंड्यातला जीव बघायची ही परंपरा महाराष्ट्रातही रुजली. एडिनबरोत भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केलं. डेनिस न्यू यांनी १९५५ साली सांगितलेली पद्धत अशा प्रयोगशाळांत अंगवळणी पडली: बलकावरचा पापुद्रा भ्रूणासकट सोडवायचा, काचेच्या कड्यावर ताणून बसवायचा, खाली अंड्यातलंच पांढरं, आणि ऊबदार पेटीत ठेवायचं. कवचाशिवायचा जीव डोळ्यांसमोर वाढतो. वोल्फला दर वेळी नवं अंडं फोडावं लागलं. इथे एकाच भ्रूणाचं हृदय सुरू होताना बघता येतं.

आमच्या घरापासून जवळच तांबळडेगच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभरेक अंडी, वर वाळू, आणि मादी परत समुद्रात. कासवमित्र ती अंडी जाळीच्या कुंपणात जपतात. त्या अंड्यांतही वरंबे उठतात, साल आणि गर असतो, नळ्यांच्या दोन जोड्या असतात. पण नर-मादी ठरवणारं गुणसूत्र नसतं. तिथे वाळूची ऊब ठरवते. एकोणतीस-तीस अंशांच्या आसपास काटा असतो. त्याच्या वर गेली तर माद्या, खाली राहिली तर नर. म्हणून वाळू तापत चालली तर पुढे नर कासवं कमी पडतील, ही चिंता खरी आहे. खुडूक कोंबडीखाली ऊब कमी-जास्त झाली तर पिल्लू मरतं किंवा उशिरा निघतं. लिंग बदलत नाही.

मागच्या वर्षी काकीने अकरा अंड्यांवर कोंबडी बसवली होती. सहाव्या रात्री पडवीतला दिवा मालवून आम्ही दोघींनी एकेक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिलं. दोन स्वच्छ पिवळी निघाली, धरलीच नव्हती. उरलेल्या नऊंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि मधे एक काळा ठिपका हलत होता. तो डोळा. काकीने विचारलं, "ह्यातली तलंगा किती?" मी सांगितलं, अजून त्यांच्या ग्रंथींवरूनही कळणार नाही, उद्या-परवा वेगळ्या व्हायला लागतील. तिने अंडी पुन्हा कोंबडीच्या पोटाखाली सारली आणि डालगं टेकवून त्यावर दगड ठेवला.